डावीकडचं स्टूल

सोमवार, २ जून

ह्यांनी बोटीवर जाताना ही वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "फोनवर भांडायचं ते हिच्यात भांडत जा. मध्येच रेंज जाते, मला अर्धंच भांडण ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी आठवडाभर मनाने पुरं करत बसतो." हे बोटीच्या इंजिनावर कामाला, वर्षातले बरेच महिने पाण्यात. जमिनीवर भांडायला उरलो मी, माझं फ्रेमचं दुकान आणि ठमी. ठमी आमची एकुलती एक. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ठमी. आता माझ्यापेक्षा उंच आणि काडीसारखी झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर पहिलं भांडण. ठमीला कॉलेजात जागा मिळाली. रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरात. जुने कागद, जुनी चित्रं कशी जपायची, फाटली-कुजली तर कशी सावरायची, याची पदवी. चार वर्षांची! कागद चिकटवायला चार वर्षं लागतात हे मला आजवर ठाऊक नव्हतं. पण जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा पोरगी काउंटरवर चढून नाचली, आणि खाली उभी राहून मीही नाचले. वहीत खोटं कशाला लिहू.

नाचून झाल्यावर हिशेब सुचला. फी भरायची तर मागची खोली विकावी लागेल. शेजारचा झेरॉक्सवाला केव्हाचा ती मागतोय. त्या खोलीत माझं कापायचं टेबल आहे, सासऱ्यांच्या वेळचं. काच तिथे कापते, फ्रेमच्या लाकडी पट्ट्या तिथे कापते. ती गेली की माझ्याकडे एक काउंटर, एक भिंत आणि बोलायला तोंड उरेल. कॉलेजला पंचवीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

आणि समोर ती फळी. न नेलेल्या फ्रेमांची. त्यात निम्म्याहून जास्त पदव्याच आहेत. निकाल लागला की लोक हौसेने टाकून जातात, पट्टी निवडताना अर्धा दिवस खातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. एकाने सोनेरी पट्टी लावून घेतली होती. तो आता लोकांची बिऱ्हाडं हलवणाऱ्या टेम्पोवर असतो. परवा दुकानासमोरून गेला, हात केला, आत काही आला नाही.

गुरुवार, ५ जून

ठमीने बॉम्ब टाकला. "आई, मला नाही जायचं."

नाचणारी तीच आणि न जाणारीही तीच! का, म्हणून विचारलं तर म्हणे इथेच शिकेन, तू शिकव, फ्रेमचंच तर काम आहे. मी म्हटलं, "हे काम मी केलं कारण मला कोणी दुसरं विचारलं नाही. तुला विचारताहेत, तर नखरे सुचतात?" आणि तरातरा आत जायला निघाले तर स्टूलवर आपटले. नडगी सडकून निघाली.

"हे वाटेत कोणी ठेवलं?"

"ते नेहमी तिथेच असतं, आई. काउंटरच्या डावीकडे."

"नेहमी तिथेच असतं तर मी आजवर कशी नाही आपटले?"

यावर उठून आत गेली. ठमी अशी उठून गेली की समजावं, चूक तिची आहे.

मग मलम घेऊन आली आणि त्याच स्टूलवर बसून माझ्या पायाला लावत राहिली, बराच वेळ. चूक कळली वाटतं.

शुक्रवार, ६ जून

झेरॉक्सवाल्याचं मत घेतलं. तो स्वतः दोन पदव्यांचा धनी. म्हणाला, "वहिनी, दोन्ही पदव्यांची झेरॉक्स मला फुकट पडते, एवढा एक फायदा सांगू शकतो. पोरीला इथेच ठेवा."

खोली त्याला हवी आहे, तरी पोरीला शिकवू नका म्हणतो. म्हणजे मनापासून बोलला असणार. की मी उद्या नड लागून आणखी स्वस्तात विकेन असा त्याचा डाव आहे? हल्ली मला सरळ बोलणाऱ्याचीच जास्त भीती वाटते. कोणी ठामपणे 'पाठव' म्हटलं तर मी 'नको'ची कारणं शोधते, कोणी 'नको' म्हटलं तर त्याच्यावर डाफरते. माझं मलाच काय हवंय ते कळत नाही, आणि दिवस तर चाललेत.

रविवार, ८ जून

यंदा काच फार वाईट आली आहे. सरळ रेघ मारली तरी डाव्या टोकाला भलतीकडेच तुटते. पुरवठादाराला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, बाकी कोणाची तक्रार नाही. बाकीचे मुखदुर्बळ असतील.

ठमीने कापायच्या टेबलाच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. काय तर म्हणे, कड उठून दिसते. मी काढून टाकली. सासऱ्यांचं शिसवी टेबल, त्याला मलमपट्टी?

ह्यांचा फोन आला. "पाठव गं तिला," एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. पाठवायला काय, मीही पाठवेन. पण चार वर्षांनी ती परत येऊन माझ्याच फळीवर स्वतःची फ्रेम ठेवून गेली तर? आणि न पाठवता चाळिशीत तिने मला विचारलं, आई, तू मला का नाही ढकललंस, तर? दोन्ही बाजूंनी मीच गुन्हेगार.

बुधवार, ११ जून

उलगडा झाला! पोरगा आहे.

गेले काही दिवस ठमी संध्याकाळी 'जरा जाऊन येते' म्हणते आणि चौकातल्या चष्म्याच्या दुकानात शिरते. औषधवाल्याच्या बायकोने दोनदा पाहिलं. डोळे हिचे धडधाकट, चष्मा काही नाही, मग तिथे काय काम? म्हणजे काउंटरमागे कोणीतरी असणार. म्हणून जायचं नाही! एका केसाळ विक्रेत्यापायी पोरगी भविष्यावर पाणी सोडायला निघाली.

तिला आडून विचारलं, "चष्म्याच्या दुकानात गर्दी असते का गं?" ती दचकली. मग उलट मलाच म्हणाली, "आई, तूही एकदा डोळे तपासून घे ना. चल माझ्याबरोबर."

म्हणजे मुलगा दाखवायचाय! मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? सुई काढली, दोरा काढला, तिच्या देखत एका फटक्यात ओवला. या वयात कोण ओवतं? तिने बघितलं आणि तोंड फिरवलं. हरली की असंच करते.

तिच्या आणखी एका चाळ्याने डोकं फिरतं. रस्त्यात नेहमी माझ्या डावीकडून चालते आणि लहान पोराचा धरावा तसा दंड धरते. लाडीगोडी लावून पोरगा गळ्यात मारेल, दुसरं काय.

शुक्रवार, १३ जून

दुपारी काउंटरवर बसले होते. अचानक डावीकडून आवाज, "काकू." मी केवढ्याने किंचाळले! एक मुलगी माझ्या अगदी शेजारी उभी. लोक हल्ली मांजराच्या पावलांनी येतात, दारावर घंटा लावायला हवी. ती म्हणाली, मी केव्हाची उभी आहे.

पदवी फ्रेम करायला आणली होती. डोळे तपासण्याची पदवी. कामाला त्याच चष्म्याच्या दुकानात! मी मनात म्हटलं, बरी सापडलीस. कोण पोरगा आहे तिथे, असं विचारलं तर म्हणे दुकानात ती आणि मालक, आणि मालकांना नातवंडं आहेत. पंचाईत झाली. नातवंडंवाल्याशी ठमी नक्कीच लग्न करणार नाही.

मग तिलाच विचारलं, "एवढं शिकलीस, चीज झालं का?"

हसली. "चार वर्षं शिकले काकू, आणि दिवसभर विचारते, काळी दाखवू की तपकिरी?"

"म्हणजे तूही फ्रेमाच विकतेस."

दोघी हसलो. पण नंतर विचार आला. हिचं तर रीतसर, नाव असलेलं शिक्षण, तरी ही गत. ठमीला जुने कागद घेऊन कोण दारात उभं करणार? मुलगी गोड होती. बोलताना सारखी माझ्याकडे टक लावून बघत होती, कपाळाला काही लागलंय का म्हणून मी दोनदा पुसलं. जाताना ठमीशी डोळ्यांनी काहीतरी बोलली. ओळखीच्या असाव्यात.

सोमवार, १६ जून

आज नको ते झालं.

आमच्या धंद्यात एकच गोष्ट पाळायची असते. सासरे आल्या-गेल्याला ऐकवत, "गिऱ्हाइकाचा मूळ कागद कापायच्या टेबलावर येता कामा नये." पट्टी वाकडी कापली तर दुसरी मिळते, काच फुटली तर दुसरी मिळते. म्हणून कागद आधी फडताळात आणि मग पातं हातात. इतक्या वर्षांत एकदा चुकले नाही.

आज त्या मुलीच्या पदवीसाठी माउंटचा, म्हणजे फ्रेमच्या आत कागदाभोवती बसतो तो, पुठ्ठा कापत होते. टेबल रिकामं होतं, मी नीट पाहिलं होतं. पुठ्ठा पसरला, मोजपट्टी ठेवली, पातं ओढलं. डावीकडे येताच पातं जड गेलं. पुठ्ठा उचलला तर खाली पदवी. वरच्या कोपऱ्यापासून शिक्क्यापर्यंत उभी चिरलेली.

मी ओरडले. ठमी धावत आली.

"हा कागद इथे कोणी ठेवला?"

तिने कागद पाहिला, टेबलाचं ते टोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "मी. मीच ठेवला, आई. चुकले."

मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, आणि तुला म्हणे इथे शिकायचंय! या कामाला सावध माणूस लागतं. तुझं कामच नाही हे. जा त्या कॉलेजात, तिथे कापायला पातं देत नाहीत, चिकटवायला खळ देतात. ती मान खाली घालून ऐकत राहिली. रडली नाही, उलट बोलली नाही. इतकी गरीब कधीपासून झाली?

मंगळवार, १७ जून

दुकान बंद ठेवलं. कोणाला तोंड दाखवू? पदवी म्हणजे माणसाची चार वर्षं, आणि मी तिचे दोन तुकडे करून ठेवले. मी म्हणजे ठमीने.

ठमी सकाळपासून चिरलेला कागद घेऊन बसली आहे. पातळ खळ शिजवली, कोळ्याच्या जाळ्याइतका तलम कागद कुठूनसा आणला, आणि तो उताणा-पालथा करत, वजनं ठेवत, फुंकर घालत काहीतरी चाललंय. मी दोनदा चहा नेला. दुसऱ्यांदा तो तिच्या कोपरालगत सांडला. तिने कागद आधीच उचलून धरला होता, जणू काही सांडणार हे तिला ठाऊक होतं.

गुरुवार, १९ जून

ती मुलगी आली. मी आधीच रडायला लागले. ठमी पुढे झाली, पण मीच सांगितलं सगळं: कापलं गेलं, माझ्या दुकानात गेलं, दोष आमचा.

तिचा चेहरा उतरला. तिने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "कुठे कापलंय?" ठमीने बोट ठेवलं. तिने कागद उजेडाकडे तिरका धरला. "मला दिसत नाही," म्हणाली. मला वाटलं टोमणा मारतेय. पण खरंच दिसत नव्हतं. "विद्यापीठ अर्ज केला की दुसरी देतं, काकू. पण मी हीच लावेन."

मला हायसं वाटलं, आणि तिने मध्येच विचारलं, "टेबलावर कागद होता तो तुम्हाला दिसला नाही का?"

"मला कसा दिसेल? तो ठमीने..."

"मी नव्हता ठेवला," ठमी म्हणाली. हळूच. "तूच फडताळातून काढलास आई, माप घ्यायला. आणि डावीकडे ठेवलास. आणि मग तो तुझ्यासाठी नाहीसाच झाला."

मी भडकणार होते. पण ती मुलगी समोर येऊन बसली, त्या स्टूलवर. म्हणाली, "काकू, एक करा. उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. आता सांगा, बाजूला किती बोटं आहेत?"

"आधी बोटं काढ म्हणजे सांगते."

"काढलीत, काकू."

मी हसले. मग पाहिलं तर ठमी तोंडावर हात धरून रडत होती. मग मी हसायची थांबले.

शनिवार, २१ जून

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. अंधाऱ्या पेटीत डोकं घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बिघडलंय, बराच वेळ ठिपकेच येत नव्हते. येत होते.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलेला, उजव्यात सुरुवात. जन्मभर काचेशी खेळले आणि रोगही काचेच्याच नावाचा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं, रोज, न चुकता. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला कळतच नाही. सुई ओवता येते. पण पातं आणि काच आता बंद. आणखी वर्षभर उशीर केला असता तर काय झालं असतं तेही त्यांनी सांगितलं. ते लिहवत नाही.

कोणी पकडलं, विचारल्यावर मी त्या मुलीचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "नशीबवान आहात. शिकलेली आहे ती."

काळी की तपकिरी विचारणारी पोर.

रविवार, २२ जून

ठमीने सगळं ओकलं. रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल आली आणि मी ढिम्म हलले नाही, तेव्हा तिला पहिली शंका आली. मग स्टूल, मग काच, मग फ्रेमांचे कोपरे. मी रचलेले कोपरे ती मागून गुपचूप पुन्हा जुळवत होती. चष्म्याच्या दुकानात जाऊन त्या मुलीच्या पाया पडली, आई तपासायला येत नाही, तुम्हीच या गिऱ्हाईक होऊन. त्या मुलीने घरात गुंडाळून पडलेली पदवी त्यासाठी बाहेर काढली. बिचारी! आणि मी काय केलं.

"म्हणून जात नव्हतीस?"

"मी गेले तर तुझ्या डावीकडे कोण उभं राहील?"

आता जे लिहिते ते ह्यांनाही सांगणार नाही. ते ऐकून मला आनंद झाला. वाटलं, सुटले! आता ती राहील. खोली राहील, पोरगी राहील, आणि कोणी मला नावं ठेवणार नाही, डोळ्यांचंच कारण आहे. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: राहा गं बाई, मला भीती वाटते. भीती तर वाटतेच. घशापर्यंत आलेलं वाक्य मी पाण्याबरोबर गिळलं. उद्याही गिळता येईल का, माहीत नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन. सांगता सांगता रेंज गेली. पुन्हा लागला तेव्हा हे रडत होते, म्हणजे निदान योग्य ते अर्धं ऐकू गेलं.

मंगळवार, २४ जून

उद्या पंचवीस.

ठमीने दुकानाची नवी व्यवस्था लावली आहे. ती कापणार, मी जोडणार. सगळं ठरलेलं, हसतमुख. इतकं हसतमुख की मला ते खरं वाटेना.

काही सुचेना म्हणून त्या मुलीची पदवी पुन्हा काढून बघत बसले, अजून फ्रेम व्हायची आहे. मान पूर्ण वळवून, उजेडात धरून. जोड सापडला नाही. सहज विचारलं, "कोणी शिकवलं गं तुला हे?"

"बघून बघून. पण ते तितकं बरोबर नाही, आई," म्हणाली आणि येऊन जवळ बसली. "आत्ता छान दिसतंय. पण ही खळ वीस वर्षांनी पिवळी पडते का, कागद आखडून फाटतो का, ते मला कळत नाही. दमट हवेत एक होतं, कोरड्यात दुसरंच. तिथे एक खोलीच आहे, तिच्यात ते हवा बदलून कागद म्हातारा करतात. खोटं खोटं म्हातारपण! मग त्यांना आधीच कळतं पुढे काय..."

आणि थांबली. गेल्या तीन आठवड्यांत ती एवढं बोलली नव्हती. कान लाल झाले होते, काउंटरवर नाचली होती तेव्हासारखे.

"तुला ते बघायचंय," मी म्हटलं.

"नाही."

"ठमे."

"हो," म्हणाली, आणि लगेच, "पण तू..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. पदवीचं चीज होतं की नाही मला अजूनही सांगता येत नाही. फळीवरच्या लोकांना विचारलं तर एक उत्तर, माझ्या उजव्या डोळ्याला विचारलं तर दुसरं. मी इतके दिवस एका खोलीच्या बदल्यात पदवी परवडते का हे बघत होते. त्या खोलीत मी आता पाऊल ठेवून करणार काय? खरी किंमत पोरगी देत होती, आणि मला दाखवत नव्हती.

रडून रडून दोघींचे डोळे सुजले. थेंब घालायला त्रास झाला.

बुधवार, २५ जून

सकाळीच कॉलेजला 'हो' कळवलं. फोन मी केला, तिच्या हातात दिला नाही. मग झेरॉक्सवाल्याला खोली दिली. "वहिनी, विचार केलात ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "विचार करून करूनच डोळे गेले." तो घाबरला. हल्ली मला थट्टाही जपून करावी लागणार.

कापायचं काम पलीकडच्या गल्लीतला फ्रेमवाला करून देईल. आजवर त्याच्या कोपऱ्यांना मी नावं ठेवत आले, आता गोड बोलावं लागेल. जोडणी आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. चष्म्याच्या दुकानातली मुलगी आठवड्यातून एकदा येऊन डोळ्यांचा दाब तपासण्याची आठवण करून जाणार आहे. मी तिची फ्रेम आज पुरी केली. ती फळीवर राहिली नाही, संध्याकाळीच घेऊन गेली.

मी स्वतः काउंटरच्या डाव्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली.

रविवार, ६ जुलै

काल ठमीला गाडीत बसवून आले. निघेपर्यंत सूचना चालू: थेंब वेळेवर, रस्ता ओलांडताना थांब, डावीकडे मान पूर्ण वळव, नुसते डोळे नको. मी म्हटलं, आई कोण आहे दोघींत? गाडी हलली तरी खिडकीतून मान वळवून दाखवत होती. मीही वळवून दाखवली. शेजारची बाई आमच्याकडे बघतच राहिली.

आज रविवार, दुकान बंद असतं. तरी घरात करमेना म्हणून दुपारी उघडून बसले. मागच्या भिंतीपलीकडून झेरॉक्स मशीनची घरघर येत होती, त्याने सामान हलवलंसुद्धा. दोन वेळा उगीचच "ठमे" म्हणून हाक मारली. भीती गेलेली नाही. मी बरोबर केलं का, चार वर्षांनी काय, माझे थेंब तोवर पुरतील का, सगळं तसंच आहे.

मग उठताना तिने सांगितलं तसं केलं. नुसते डोळे नाही, मान पूर्ण डावीकडे वळवली. स्टूल दिसलं, जिथल्या तिथे. त्याच्यावर कोणी बसलेलं नव्हतं, तेही दिसलं.